गुबगुबीत ठिपके

तिच्या प्रयोगशाळेतल्या, लाल रंग घातलेल्या प्लेटवर जंतूंचे पांढरे ठिपके लाल ठिपक्यांपेक्षा किंचित मोठे होते. फार नाही; टाचणीच्या डोक्याच्या जागी मोहरीचा दाणा, इतकंच.

आमांशाच्या या जंतूजवळ एक सूक्ष्म सुई असते. ती आतड्याच्या पेशीत खुपसून तो आपली प्रथिनं आत सोडतो आणि पेशी निमूटपणे त्याला आत घेते. सुई शाबूत असलेल्या जंतूंचे ठिपके लाल दिसतात, सुई गमावलेल्यांचे पांढरे. पांढऱ्यांना सुई पोसावी लागत नाही, म्हणून ते चांगलं बाळसं धरतात.

तिच्या रसायनशास्त्रज्ञ नवऱ्याचं औषध जंतूला न मारता फक्त सुई बंद पाडणारं, असं त्याचं म्हणणं. जंतू वाढवायचं काम तिचं. औषधातले जंतू ती दर आठवड्याला नव्या प्लेटवर न्यायची आणि दर वेळी सगळ्यांत गुबगुबीत ठिपका उचलायची. तुलनेचे, बिनऔषधाचे जंतू मात्र दर वेळी फ्रीझरमधून ताजे काढलेले. औषधातले पांढरे पडत गेले. सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगून टाकलं, आमच्या दादाने जंतूंचे दात पाडले.

मग तिने बिनऔषधाचे जंतूही तसेच गुबगुबीत निवडत पुढे नेले. तेही पांढरे पडले. हे नवऱ्याला सांगायचं होतं. आधी त्याला ताप होता, मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग पाहुणे.

उद्या रुग्णांवरच्या चाचणीची परवानगी मागायची होती. नवरा आरशासमोर टाय लावून भाषण म्हणून बघत होता; ती त्याच्या कोटाला इस्त्री करत होती.

"'जंतू जिवंत, पण निरुपद्रवी.' कसं वाटतं?"

"वाक्य बरं आहे."

"कौतुक करतेस की पावती फाडतेस?"

"सूनबाई, जरा गोड बोल," आतून सासूबाई म्हणाल्या. "उद्या परीक्षा आहे त्याची."

"रुग्णांचं नेहमीचं औषध बंद ठेवणार?" तिने नवऱ्याला विचारलं.

"अर्थात. नाहीतर आपल्या औषधाचा गुण कळणार कसा?"

तिने इस्त्री बंद केली.

"जंतू तुझ्या औषधाने पांढरे झाले नाहीत. मी मोठे ठिपके निवडत गेले, म्हणून झाले. औषध न घालताही होतात. करून पाहिलं."

"आणि आजारी माणसाच्या पोटात?"

"तिथे सुईवालेच असतात. म्हणून तर तो आजारी."

त्याने टाय सैल केला. "कधीपासून माहीत आहे?"

"तुझ्या तापापासून."

"तो महिन्यापूर्वी उतरला."

"हो."

"काय झालं रे दादा?" सासूबाई दारात आल्या.

त्याने टाय काढून ठेवला.

"आई," ती म्हणाली, "उद्या आम्ही परवानगी मागणार नाही."