रांग नसलेला दिवस

लेनीने गाडीचं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तसाच बसून तो समोरच्या मोकळ्या मैदानातल्या गाड्या मोजू लागला. बोट पुढे करून, ओठ हलवत, एकेक.

"अकरा," तो म्हणाला. "आपली धरून."

"म्हणजे बघ, आज कुठेच रांग नाही." रॉबर्टाने डिकीतून त्याचं जाकीट काढलं. "सगळ्यात आधी कुठे बसायचं ते तू ठरव."

"माणसं कुठेयत?"

"शाळा सुरू झाल्या ना आता. लोकांना कामं असतात. मंगळवार आहे आज."

लेनीने यावर विचार केला. विचार करताना तो खालचा ओठ पुढे काढायचा. शेहेचाळीस वर्षांचा झाला तरी ती सवय गेली नव्हती.

"मग आपण का आलो, बॉबी?" त्याने विचारलं. रॉबर्टाला तो बॉबीच म्हणायचा.

रॉबर्टाने त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ती फाटकाकडे चालू लागली.

ब्रायर पॉइंट पार्कला कधी जावं, हे रॉबर्टा हुडाकला विचारावं, असं ती काम करायची त्या दातांच्या दवाखान्यात सगळेच म्हणायचे. जून-जुलैत चुकूनही जाऊ नका, ती सांगायची. ऊन असतं आणि एका पाळण्यासाठी तासभर उभं राहावं लागतं. मे महिन्यात शाळांच्या सहली येतात. ऑक्टोबरात हॅलोविनच्या भुतांची सजावट बघायला गर्दी लोटते. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, मधला वार, आभाळ थोडं भरून आलेलं असेल तर उत्तमच. तिचा सल्ला ऐकून गेलेली माणसं परत आल्यावर तिचे आभार मानायची. एका बाईने तर केक आणून दिला होता. सल्ल्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ती स्वतः सप्टेंबरात का जाते, हे कुणी विचारलं नव्हतं. तिला एक भाऊ आहे, हेही दवाखान्यात कुणाला माहीत नव्हतं.

आई होती तोवर लेनी गावी, तिच्याजवळ राहायचा. रॉबर्टा कॉलेजला म्हणून पिट्सबर्गच्या बाजूला आली ती तिथेच राहिली. दरवर्षी जुलैतल्या तिसऱ्या शनिवारी गावातल्या स्लोव्हाक चर्चची पिकनिक ब्रायर पॉइंटला यायची, आणि आई लेनीला घेऊन त्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसायची. एकही वर्ष चुकलं नाही. रॉबर्टा मात्र मोठी झाल्यावर एकदाही गेली नाही. तिला दरवेळी काहीतरी काम निघायचं.

शेवटची पिकनिक तिने केली ती चौदाव्या वर्षी. तिच्या वर्गातली तीन मुलं लेनीच्या मागे मागे चालत होती. तो चालतो तसं पाय फाकून, मान पुढे काढून, जीभ ओठांवर ठेवून. त्यातला एक तिला आवडायचा. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, ती काय करते ते बघायला. आणि ती हसली. मोठ्याने नाही, पण हसली. सगळे हसतायत म्हणून लेनीही हसला, आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि लेनी दोन पेट्या घेऊन तिच्या घरी राहायला आला. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने विचारलं, "पिकनिक कधी?" तेव्हा तिने कॅलेंडर उतरवून त्याच्यासमोर ठेवलं आणि आपला एक खास दिवस असू शकतो, फक्त आपल्या दोघांचा, असं त्याला समजावलं. लेनीने मान डोलावली होती. तो कधीच हट्ट करत नसे.

फाटकावरच्या मुलीने तिकिटं फाडली. आत वाऱ्यावर कागदी पेल्यांखेरीज काही हलत नव्हतं. निम्मे पाळणे बंद होते. लाकडी रोलर कोस्टर चालू होता, पण त्यात बसायला चौघं तरी जमायला हवीत, असं तिथल्या माणसाने सांगितलं. दोघं दहा मिनिटं थांबली. कुणी आलं नाही.

"मेरी-गो-राउंड," लेनी म्हणाला.

तिथे एक म्हातारा कामगार स्टुलावर बसून संत्रं सोलत होता. लेनी दिसताच तो उठून उभा राहिला आणि संत्र्याच्या फोडी तशाच खिशात कोंबल्या.

"लेनी हुडाक! अरे गड्या, होतास कुठे तू?"

"स्टॅन!" लेनी त्याच्या गळ्यातच पडला.

"चार वर्षं झाली. एरवी ऑगस्टनंतर मी इथे नसतो, यंदाच थांबलोय. दर पिकनिकला कुणी ना कुणी येऊन मला विचारतं. लेनी आला का, लेनी दिसला का. मी काय सांगणार त्यांना?" त्याने रॉबर्टाकडे पाहून टोपी जराशी उचलली. "तुम्ही बहीण ना? आईचं कळलं मला. फार चांगली बाई. मला बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगीचा डबा आणायची."

"हो," रॉबर्टा म्हणाली. "आई आणायची."

"मग हल्ली जुलैत का नाही येत? आता हे बघा, आहे का कुणी इथे?"

रॉबर्टा रांगा, ऊन असं काहीतरी सांगणार होती. दवाखान्यात सांगायची तेच. पण लेनीने आधीच तोंड उघडलं.

"बॉबी लाजते," तो स्टॅनला म्हणाला. गुपित सांगावं तसा आवाज खाली आणून, पण तिला अगदी स्वच्छ ऐकू येईल असा. "माणसं असली की तिला लाज वाटते. म्हणून आम्ही आता येतो. माणसं नसतात तेव्हा."

म्हातारा क्षणभर रॉबर्टाकडे बघत राहिला. मग त्याने नजर काढून घेतली.

"असतो एकेकाचा स्वभाव," तो म्हणाला. "चल, कुठला घोडा हवाय? आज सगळे तुझेच."

रॉबर्टा कठड्याला टेकून उभी राहिली आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. घोडे फिरले. लेनी दर फेरीला तिच्यासमोरून जाताना हात हलवत होता. तिने पर्समधून रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला. स्टॅनने त्याला तीन खेपा फिरवलं. ती मात्र स्टॅनच्या बाजूला गेली नाही. निघताना तिने लांबूनच हात केला.

दुपारी तिने लेनीला बटाट्याच्या तळलेल्या काड्या घेऊन दिल्या, त्याला आवडतात तशा, भरपूर व्हिनेगर शिंपडून. तळ्याच्या बाजूला बाकं होती. लेनी पुठ्ठ्याचा द्रोण मांडीवर घेऊन बसला. ती कॉफी आणायला पाच-सात पावलांवरच्या खिडकीपाशी गेली.

"रॉबर्टा? अगं, तूच ना!"

तिच्या डॉक्टरांची बायको, जनीन, एका वयस्क बाईचा हात धरून येत होती. "आई, ही बघ, हीच ती रॉबर्टा. हिनेच सांगितलं होतं ह्याच आठवड्यात या म्हणून." मग रॉबर्टाला म्हणाली, "आई ॲरिझोनाहून आलीये. तिला गर्दी सोसत नाही. किती बरं झालं तुला विचारलं ते! सबंध पार्क जणू आपलाच."

"छान वाटलं तुम्हाला बघून," रॉबर्टा म्हणाली.

जनीनने इकडेतिकडे पाहिलं. "एकटीच आलीस?"

कॉफीवाल्या मुलाने पेला खिडकीत ठेवला. रॉबर्टाने तो उचलला. गरम होता, तिने दोन्ही हातांनी धरला.

"हो," ती म्हणाली. "एकटीच. म्हटलं, सुट्टी आहे तर जरा मोकळ्या हवेत फिरावं."

"कित्ती छान. मला नाही गं जमत असं एकटीने." जनीन आणखी थोडा वेळ बोलली, पाळण्यांबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल. रॉबर्टा हसत होती, मान डोलवत होती. बाकाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. पण बघितल्याशिवायही तिला कळत होतं की लेनी तिथे आहे, आणि त्याने सगळं ऐकलंय. लेनीचे कान तीक्ष्ण होते. आई म्हणायची, ह्याच्यापासून घरात काही लपत नाही.

त्या दोघी फाटकाच्या दिशेने गेल्या. त्या वळणाआड होईपर्यंत रॉबर्टा तिथेच उभी राहिली. मग ती वळली.

लेनी बाकावर तिच्याकडे पाठ करून बसला होता. दुकानांकडे तोंड करून बसलेला तो, आता उलटा, तळ्याकडे तोंड करून. द्रोण त्याने पोटाशी धरला होता. खात नव्हता. अगदी ताठ, हलायचंसुद्धा नाही असं कुणी बजावल्यासारखा.

ती शेजारी येऊन बसली.

"गेल्या?" त्याने समोर बघतच विचारलं.

"गेल्या."

लेनीने सुस्कारा सोडला आणि एक काडी तोंडात टाकली. "मी काहीच बोललो नाही," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "मी नीट बसलो ना?"

रॉबर्टाने कॉफीचा पेला बाकाच्या कडेला ठेवला.

"त्या दिवशी दुकानात पण बसलो होतो. तुझ्या ओळखीची ती लाल केसांची आली होती तेव्हा. मी चपलांच्या इथे जाऊन बसलो. तिला कळलंच नाही." त्याच्या चेहऱ्यावर एखादं अवघड काम जमल्याचं समाधान होतं. "नीट बसलो ना, बॉबी?"

"हो," ती म्हणाली. "नीट बसलास."

त्याने द्रोण तिच्यापुढे केला. तिने एक काडी घेतली. व्हिनेगर नाकात गेलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं ती म्हणाली, आणि लेनीने ते खरं मानलं की नाही, हे तिला कळलं नाही.

जनीनच्या मागे धावत जावं, तिला थांबवावं, हा माझा भाऊ म्हणून सांगावं, असं त्या दिवशी तिला वाटलं होतं. गाडीपर्यंत जाताना तर दोनदा वाटलं. जनीनची गाडी अजून तिथेच होती; ती आपल्या आईला पुढच्या सीटवर बसवत होती. रॉबर्टाने आपली गाडी दुसऱ्या रस्त्याने बाहेर काढली.

हिवाळा गेला. मे महिन्यात दवाखान्यातल्या नव्या मुलीने विचारलं, "ब्रायर पॉइंटला कधी जावं म्हणता? सगळे म्हणाले, तुम्हाला विचार." रॉबर्टाने सवयीने 'सप्टेंबर' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला खरंच माहीत नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ जुलैत जायचा. त्याला तेव्हाच आवडतं."

"तुम्हाला भाऊ आहे?"

"आहे. माझ्याकडेच असतो. लेनी." पुढचं वाक्य म्हणायला तिला थोडा वेळ लागला, पण तिने ते म्हटलं. "त्याला डाउन सिंड्रोम आहे." त्या संध्याकाळी तिने गावातल्या चर्चला फोन केला. पलीकडच्या बाईने विचारलं, किती जणांची नावं घालू? दोन, ती म्हणाली, माझं आणि लेनीचं. ती बाई खोलीतल्या आणखी कुणाला तरी ओरडून म्हणाली, "अगं, लेनी येतोय!"

जुलैतला तिसरा शनिवार भयंकर तापला. मैदानात गाडी लावायला जागा मिळाली ती पार कुंपणाला लागून. लेनीने मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे नाद सोडून दिला. फाटकाबाहेरची रांग तिकीटघराला वळसा घालून रस्त्यापर्यंत आली होती. गाणी वाजत होती, तळणाचा वास होता, बाळं रडत होती. रॉबर्टाचा शर्ट पाठीला चिकटला होता.

रांगेत त्यांच्या पुढे एक कुटुंब होतं. त्यातली लहान मुलगी आईच्या खांद्यावरून लेनीकडे टक लावून बघत होती. तिचा भाऊ वळला, त्यानेही पाहिलं. मग त्यांच्या वडिलांनी पाहिलं आणि चटकन मुलाचं डोकं पुढे वळवलं. पलीकडच्या रांगेतल्या दोन पोरी एकमेकींच्या कानाला लागल्या. रॉबर्टाचे कान तापले. चौदाव्या वर्षी तापले होते तसेच. तिला वाटलं होतं, मनाशी एकदा ठरवलं की हे होणार नाही. पण ते होत होतं, आणि तिला त्याचीही लाज वाटत होती. लेनीचा हात तिच्या हातात होता. तो ओला झाला होता, आणि घाम तिचा होता.

लेनीने तिच्याकडे पाहिलं. खालचा ओठ पुढे काढून बराच वेळ पाहिलं. मग त्याने तिचा हात घट्ट धरला आणि तो रांगेत एक पाऊल पुढे, तिच्या आणि त्या माणसांच्या मधे येऊन उभा राहिला.

"घाबरू नकोस, बॉबी," तो हळूच म्हणाला. "ते माझ्याकडे बघतायत. तुझ्याकडे नाही."