झाकणावरचं नाव

मी एक नावं कोरणारं यंत्र बोलतोय. माझा आवाज तुम्हांला आवडेलच असं नाही. कमलबाईंना तर पहिली दोन वर्षं तो मुळीच आवडला नाही. "घरात सुतारपक्षी पाळलाय आमच्या ह्यांनी," असं त्या शेजारणींना सांगायच्या.

माझा जन्म परभणीतला, बन्सीधररावांच्या मागच्या पडवीतला. बन्सीधरराव आयटीआयमध्ये शिकवायचे आणि मोडक्या वस्तूंवर त्यांचा भारी जीव. कुठल्याशा कचेरीनं भंगारात काढलेले प्रिंटर त्यांनी घरी आणले, त्यांच्या मोटारी काढल्या आणि मला पाय दिले. एक आडवा पाय, एक उभा पाय, आणि सुई वरखाली करणारा तिसरा. अंगाला शिलाई मशीनची जुनी फळी. डोकं म्हणाल तर माझं नव्हतंच. शेजारच्या टेबलावरचा एक थकलेला कॉम्प्युटर सांगेल तसा मी चालायचो.

माणसांना नावाची केवढी हौस असते, हे मला त्या पडवीत कळलं. लग्नात द्यायची ताटं आणि डबे घेऊन लोक यायचे. घेणाऱ्याचं नाव बारीक चालायचं, देणाऱ्याचं मात्र ठसठशीत हवं असायचं. बन्सीधरराव हसायचे आणि हवं तसं कोरून द्यायचे. फार सुखाचे दिवस होते ते. आजही आठवले की माझ्या फळीला जुन्या तेलाचा वास येतो.

एवढ्या लोकांची नावं झाली, पण कमलबाईंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्र्याण्णव सालच्या दसऱ्याआधी मात्र त्या एक पितळी पानाचा डबा घेऊन पडवीत आल्या. त्यांची आई, धुरपताबाई, ताडकळसला कमलबाईंच्या भावाकडे असायची. ती आता फार दिवसांची सोबती नाही, असा निरोप आला होता.

"आईला दिसंना झालंय," कमलबाई म्हणाल्या. "घरात तीन बायांचे तीन डबे, समदे सारखे. आपला म्हणून दुसरीचाच उघडती अन् बोलणी खाती. ह्या झाकणावर नाव कोरून द्या. बोटानं कळंल तिला."

"धुरपताबाई कोरू?"

"तिचं तिला येत न्हाई. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बाई म्हणल्या, तुमचं नाव लिवा. तर तिनं माझंच शिकून घेतलं. तेवढंच येतं."

"मग कमल कोरतो."

"कमल तुमच्या घरचं. मनकर्णा कोरा."

बन्सीधररावांनी मान वर केली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'कमल' हे नाव त्यांनीच लिहिलं होतं, साऱ्या मंडपासमोर. त्याआधीचं नाव त्यांनी त्या दिवसापासून उच्चारलंच नव्हतं. त्यात वाईट काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि कोणी तसं म्हटलंही नव्हतं.

दसऱ्याला मला पुसून हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. हे दर वर्षी व्हायचं. त्या संध्याकाळी मात्र कमलबाईंनी देवाला वाहिल्यावर आपट्याचं एक पान मलाही वाहिलं. मी सुखावलो. माझ्या आडव्या पायाच्या टोकाला एक छोटं बटण आहे. पाय तिथवर गेला की ते दाबलं जातं आणि मला कळतं, रस्ता संपला, आता थांबायचं. ते पान माळेखालून घसरलं आणि नेमकं त्या बटणाच्या पट्टीत अडकून बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा माझ्यापुढे ठेवला गेला. दुपारच्या एसटीनं कमलबाई निघणार होत्या. सुई खाली आली, उभा पाय चालला, आडवा मात्र हलेना. मला सारखं वाटत होतं की रस्ता संपलाय. बन्सीधररावांनी झटकन डबा ओढला म्हणून झाकण वाचलं.

मग सुरू झाली शोधाशोध. त्यांनी आडव्या पायाची वायर उभ्याला जोडली, उभ्याची आडव्याला. आडव्याची मोटार झकास फिरली. म्हणजे मोटार धडधाकट. वायरी तपासल्या, त्याही चांगल्या. मग सर्किट उघडलं, चिपांचे काळे तुकडे काढून दुसरे बसवले. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसं? बटणाशी त्यांचा हात दोनदा आला आणि माळेला धक्का लागेल म्हणून मागं गेला. दसऱ्याची पूजा दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत हलवायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. एवढा शिकलेला माणूस, माळ सोडून बाकी सगळं उघडून बसला होता.

कमलबाई नेसून, पिशवी घेऊन आल्या.

"समदं चांगलं हाय, तरी जागचं हालंना," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी पडला होता. "तू पहिल्यांदा काही मागितलं, अन्..."

"ऱ्हाऊ द्या. डबा तसाच नेते." त्यांनी माळेखाली हात घातला. "हे सोनं तेवढं आईला नेते. मशीनला काय करायचंय?"

"पूजा हाय ती."

"मीच वाहिलंय. मीच नेते."

पान निघालं, बटण सुटलं. बन्सीधररावांनी सहज कळ दाबली आणि माझा आडवा पाय सरसर चालू लागला. ते आधी पायाकडे, मग पानाकडे बघत राहिले आणि पोट धरून हसले. दुपारची एसटी गेली, पण मी 'मनकर्णा' कोरलं. इतक्या जपून मी दुसरं काही कोरलं नसेन.

आईनं झाकणावरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि "आलीस व्हय, मने?" म्हणाली, असं कमलबाईंनी परत आल्यावर सांगितलं. थंडीत धुरपताबाई गेल्या. शेवटच्या दिवशीही डबा उशाशीच होता म्हणे.

आता बन्सीधररावांची जिंतूरला बदली झालीय. तिथल्या घराला पडवी नाही, म्हणून उद्या माझे पाय सुटे करून पोत्यात भरणार आहेत. चौकात अजून मराठवाडा विद्यापीठाच्या बदललेल्या नावाच्याच गप्पा चालल्यात. काल माझं शेवटचं काम झालं, नव्या दाराची पाटी.

"काय कोरू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"माझी दोन्ही घाला."

"मावणार न्हाईत."

"मग तुमचं आखूड करा."

त्यांनी वडिलांचं नाव काढलं, आडनाव काढलं, 'राव' काढलं. मग मी कोरलं. वर 'मनकर्णा कमल', खाली 'बन्सीधर'.

माझं एवढंच मागणं आहे. कधी जिंतूरला गेलात तर त्या दारापुढं जरा थांबा आणि पाटीवरचं पहिलं नाव मोठ्यानं वाचा. आतून ओ येईल.