पंक्चर न होणारा टायर

मिस्त्रीची लेक दुकानात यायची ती पंक्चर झालं की. एरवी नाही. बाप तापानं फणफणला तरी नाही, इकडून चालले होते म्हणून सहज डोकावले असंही नाही. चाकातली हवा गेली की मात्र यायची, कारण तिच्या त्या बारीक चाकांच्या रेसच्या सायकलला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे. अबोला बापाशी होता, बापाच्या हातांशी नव्हता. तेवढ्यावरही माणूस तग धरतो. देवानं आपल्याला फार थोड्यावर जगायची सोय करून दिली आहे, आणि ती सोय मिस्त्री पुरेपूर वापरत होता.

दुकान एका खोलीचं. छताच्या आकड्यांना टायर लोंबकळायचे, भिंतीशी ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं पाण्याचं घमेलं, आणि मधोमध एक बुटकं स्टूल. लेक सोडून त्यावर कुणी बसलं की मिस्त्रीच्या कपाळाला उगाच आठी पडायची. समोरच्या दुकानातली शिंपीणबाई दाराकडे तोंड करून मशीन चालवायची, त्यामुळे गल्लीतलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे.

"मिस्त्री, आज दाढी घोटून बसलात," ती तिकडून म्हणायची. "पंक्चर यायचंय वाटतं?"

"तोंडात टाचण्या धरून बोलू नका बाई. एखादी गिळाल आणि मला हाका माराल."

"तुम्हाला कशाला हाका मारू? तुम्ही पोचेपर्यंत मी थोडीच थांबणार आहे?"

हे ती एकदा बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. तिनं मान खाली घातली आणि मशीन असं काही दामटलं, की बोललेलं त्या खडखडाटात बुडून जावं. पण बोललेलं बुडत नाही.

झालं होतं ते असं. मिस्त्रीची बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. लेक उशाशी बसलेली. तिनं निरोप धाडला, आई तुला विचारतेय, असशील तसा ये. मिस्त्रीच्या पुढ्यात तेव्हा एका गिऱ्हाइकाचं चाक होतं. फिरताना डुलणारं चाक आरे आवळून, सैल करून सरळ करायचं, त्याला धंद्यात आऊट काढणं म्हणतात. किचकट काम. एवढा आऊट काढतो आणि निघतो, असं त्यानं उलट कळवलं. तो पोचला तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली होती. ती माउली "आले का ते?" असं विचारत राहिली होती, आणि लेक "जिन्यात आहेत, आलेच" असं सांगत राहिली होती. आईशी आपण शेवटचं बोललो ते खोटं बोललो, ही गोष्ट पोरीचं काळीज आतून कुरतडत राहिली. तोवर ती बापाला तू म्हणायची. त्यानंतर तुम्ही म्हणू लागली, गिऱ्हाईक म्हणतं तसं. मग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिली. ती नर्स होती. भल्या पहाटे सायकलवर टांग मारायची आणि पूल ओलांडून आपल्या दवाखान्यात जायची.

मिस्त्रीनं कधी आपली बाजू मांडली नाही. मांडायला बाजू असावी लागते.

बापाला लेकीचं आयुष्य सायकलवरून वाचावं लागे. साखळीला लाल माती दिसली, की तो ओळखायचा, हल्ली ही नदीकाठानं जाते. सीट बोटभर खाली केलेली दिसली, की गुडघा दुखतोय वाटतं. विचारायची सोय नव्हती. विचारलं तर उत्तर सायकलचं यायचं. मग तो भोक सापडल्यावरही उरलेली ट्यूब पाण्यात सावकाश फिरवत बसायचा, सोल्यूशन सुकल्यावरही त्यावर फुंकर घालत राहायचा. ती म्हणायची, झालं का. तो म्हणायचा, होतंय. या दोन शब्दांत बापलेकीचा सगळा संसार मावत होता.

मागच्या खेपेला ती आली ती बऱ्याच खंडानं. तिच्या वाटेवरचा रस्ता नवा झाला होता, काचा कमी झाल्या होत्या, आणि आता ही पोर यायचीच नाही की काय, या धास्तीनं मिस्त्री खंगला होता. त्यानं मागचा टायर उतरवला आणि नेहमीप्रमाणे जुन्या बनियनचा तुकडा आतून फिरवला. ट्रकचे टायर झिजून फाटले की त्यांतल्या केसाएवढ्या तारा रस्त्यावर सांडतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. आतून फडकं अडकलं तरच कळतात. फडकं अडकलं. त्यानं चिमट्यानं तार उपसून काढली. पुन्हा फिरवलं, तर वीतभर पुढे पुन्हा अडकलं. दुसरी तार. ही तिरपी रुतलेली, टोक जेमतेम आत डोकावणारं. हिला ट्यूबपर्यंत पोचायला अजून अवकाश होता.

आता पाहा, पाप काही दारात उभं राहून आपलं नाव सांगत नाही. ते मायेच्या आवाजातच बोलतं. चिमटा हातात होता. लेक स्टुलावर बसून बाहेर बघत होती, आणि तिच्या कानामागचे केस अगदी तिच्या आईसारखे सुटले होते. मिस्त्रीच्या मनात एवढंच आलं, की ही तार राहिली तर पोर लवकर येईल. हवा हळूहळू जाईल, सकाळी खोलीच्या दाराशी चाक बसलेलं दिसेल, चरफडेल आणि येईल. येईल खरी. रस्त्याचा, पहाटेच्या अंधाराचा, कुणाच्या वाट बघण्याचा विचार त्याला शिवलासुद्धा नाही. त्यानं चिमटा खाली ठेवला आणि टायर चढवला.

आणि ती आली. भर दुपारी, सायकल खांद्यावर घेऊन आली. अंगावर नर्सचे कपडे तसेच, हात ग्रीसनं माखलेले, डोळे सुजलेले. समोरचं मशीन थांबलं. ती स्टुलावर बसली आणि कुणी न विचारता बोलू लागली.

तिच्या वॉर्डात एक म्हातारी होती. पुढेमागे कुणी नाही. तिला मरणाचं भय नव्हतं, भय होतं ते एकटीनं मरण्याचं. रोज संध्याकाळी ती हिचं मनगट धरून कबूल करून घ्यायची, की सकाळी तू असशील ना. काल डॉक्टरांनी लक्षण ठीक नाही म्हटलं, तेव्हा हिनं रात्री थांबते म्हटलं, तर म्हातारीच नको म्हणाली, तू झोप काढून ये, मी तू येईपर्यंत दम धरते. मी डोळ्यांपुढे असेन आजी, असा हिनं शब्द दिला. पहाटे निघाली ती नेहमीपेक्षा लवकर. पुलाच्या मधोमध मागचं चाक बसलं. जवळची नवी ट्यूब घातली, घाईघाईनं टायरच्या आत बोटं फिरवली, काही लागलं नाही. पूल संपतो न संपतो तोच ती ट्यूबही गेली. मग धावली. सायकल खांद्यावर टाकून धावली. पोचली तेव्हा खाटेवर धुतलेली चादर घातली होती. रात्रपाळीची नर्स म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या.

एवढं सांगून तिनं मनगटानं नाक पुसलं. मिस्त्रीनं तोवर टायर उतरवला होता. आत बोट घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "मला वाटायचं, ज्याला यायचं असतं तो येतोच. आज मला यायचं होतं रे. किती यायचं होतं. तुझंही तसंच झालं असणार. काहीतरी आडवं आलं असणार आणि मी तुला विचारलंही नाही."

तो एक तू ऐकण्यासाठी मिस्त्रीनं दुकान विकलं असतं. तो असा आयता पदरात पडला, आणि त्याला पदर पसरता येईना.

मग ती म्हणाली, जुने टायर टाकून दे, मला असे टायर दे जे पंक्चर होणारच नाहीत. वेग गेला तरी चालेल. मला पुन्हा कुणाकडे उशिरा पोचायचं नाही.

मिस्त्री आकड्यांखाली उभा राहिला. हलका रेसचा टायर त्यानं दाखवायलाही काढला नाही. तो पळतो, पण अंगानं कागद. दुसरा मधला. त्याच्या रबराखाली जाड विणीचा पट्टा असतो, पण तो फक्त जमिनीला टेकतो तेवढ्याच भागात, बाजू उघड्या. कडेनं काच लागली की गेला. बहुतेक सगळे हाच नेतात आणि समाधानी असतात. हा बसवला तर लेक कधीमधी आली असती, आणि कुणी मिस्त्रीला बोल लावला नसता. त्याचा हात त्या टायरवर गेला. बराच वेळ तिथेच राहिला.

मग त्यानं स्टूल मागितलं, त्यावर चढला आणि अगदी वरच्या आकड्यावरची धुळकट जोडी काढली. या टायरात पट्टा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. रबर जाड, वजन जास्त, पुढच्या फोर्कमधून जेमतेम फिरेल एवढी रुंदी. त्यानं फडक्यानं धूळ पुसली आणि लेकीला खरं ते सांगितलं. चढाला जड जाईल. रस्ता हाताला कळेनासा होईल. पण काच, तार, खिळा, काही सहजी आत यायचं नाही.

"हाच बसव," ती म्हणाली.

असले टायर ताठर असतात. काठाचा शेवटचा वीतभर भाग रिमवर चढता चढत नाही, आणि पट्टी घालून ढकलावा तर ट्यूबला चिमटा बसतो. चार हात लागतात. तिनं दोन्ही बाजूंनी काठ आवळून धरला आणि तो समोर गुडघ्यावर बसून अंगठ्यांनी रेटू लागला. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. तिच्या केसांना दवाखान्याचा वास होता. आई गेली तेव्हाही ती त्याच्या इतक्या जवळ आली नव्हती.

"भिंगरी," मिस्त्री म्हणाला. लहानपणी उलट्या सायकलचं चाक गरगरा फिरवत बसायची, तेव्हाचं हे नाव. आई गेल्यापासून त्यानं उच्चारलं नव्हतं. "ती तार मला मागच्याच वेळी सापडली होती."

"कुठली तार?"

"आजची. मी काढली नाही. तू लवकर यावीस म्हणून तशीच ठेवली."

तिचे हात हलले नाहीत. हलवून चाललंही नसतं. तिनं पकड सोडली असती तर टायर सगळाच उसळून बाहेर आला असता. ती काठ धरून होती, तो रेटून होता, आणि टायर अर्धा आत, अर्धा बाहेर. मग अगदी खालच्या आवाजात तिनं विचारलं, "आणि आईच्या वेळी? तेव्हा काय आडवं आलं होतं?"

मिस्त्रीला वाटलं असतं तर इथे थांबता आलं असतं. एक कबुली दिली, तेवढी पुरे, असं म्हणायला मन तयारच असतं.

"काही नाही," तो म्हणाला. "चाक केव्हाच सरळ झालं होतं. मी नुसतं फिरवत बसलो होतो. तिला जाताना बघायची माझी छाती होईना."

मिस्त्रीनं डोळे मिटून अंगठे रेटले आणि काठ धप्पदिशी रिममध्ये बसला. तिनं हात सोडले. तळव्यांवर लाल वळ उठले होते.

पुढचं चाक अजून बाकी होतं. तेही तिनं धरलं. तेही त्यानं चढवलं. समोर शिंपीणबाई कापड मांडीवर घेऊन नुसती बसून होती, इतकी गुंग की तिची कात्री खाली पडली तीही तिनं उचलली नाही.

हवा भरून झाली. पंप मारता मारता मिस्त्रीला कितीतरी बोलायचं होतं. मी म्हातारा झालो म्हणायचं होतं, मला माफ कर म्हणायचं होतं. पण ती हँडल धरून उभी होती, आणि तिचा चेहरा कामावरच्या माणसाचा झाला होता.

"हवा किती दिवसांनी बघायची?" तिनं विचारलं.

"आठवड्यानं. घरच्या पंपानं होईल."

"आणि टिकतात किती?"

इथेही त्याच्यानं खोटं बोलवलं नाही. "वर्षानुवर्षं," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. घरातून, दुकानातून, कुणाच्याही दारातून निघताना माणसं येते म्हणतात, जाते म्हणत नाहीत. ती काहीच म्हणाली नाही. सायकलवर बसली आणि निघाली. नव्या जाड रबराचा घरघर आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. मिस्त्री दुकानाच्या चौकटीवर हात ठेवून उभा होता. ती वळली तेव्हा त्याला एवढंच दिसलं, की चाक कुठे डुलत नाही.

आता तो पहाटेच दुकान उघडतो. ती पुलावर असेल त्या सुमारास हत्यारांना हात लावायच्या आधी उभ्यानंच हात जोडतो. देवा, तिच्या वाटेत काच नको, तार नको, खिळा नको. कुणी तिची वाट बघत असेल त्याच्याकडे तिला वेळेवर पोचव. मनातून दुसरंच काही मागावंसं वाटतं, ते ओठांवर येऊ देत नाही. हेच मागतो, एक शब्द न गाळता, आणि अगदी आतून मागतो.

आणि देव ऐकतो आहे. दिवस उजाडतो, गिऱ्हाइकं येतात, घमेल्यात बुडबुडे उठतात. लेक येत नाही.