तळ्यातला कचरा

आमच्या सासऱ्यांना मासा हवा तो हातभर लांबच. तळ्यात आपोआप वाढणाऱ्या बोटाएवढ्या माशांना ते कचरा म्हणायचे, आणि ऐकून ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो. दरवर्षी मोठ्या माशांचं बीज सोडण्याआधी तळ्यात औषध टाकून हा कचरा मारायचा. मग मोठा मासा बाजारात आणि आमच्या ताटात नुसता रस्सा. बोलायची सोय नव्हती. ते म्हणतील ती पूर्व दिशा.

माझ्या चिमीला तिसरं वर्ष लागलं होतं आणि वजन मांजराएवढं. बाकीची पोरं भुकेने घर डोक्यावर घेतात, ही कधी मागायचीच नाही. चार शितं चिवडायची आणि भिंतीला टेकून बसायची. मला तीच भीती खात होती. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "असंच राहिलं तर दाखल करावं लागेल. तुमच्या तळ्यात बारीक मासे आहेत ना? डोक्याकाट्यासकट द्या तिला." मी रडतच घरी आले. सोबत आलेल्या जाऊबाईंनी घरी पोचताच पदर खोचला.

जुन्या मच्छरदाणीची झोळी करून त्या कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. मासे धुऊन उन्हात कडकडीत वाळवले, तव्यावर भाजले, मिक्सरमधून काढून चाळले. चाळणीवर उरलेला काटा पुन्हा मिक्सरमध्ये. "एकदा टोचला की पोर परत तोंड उघडायची नाही," म्हणाल्या. घरभर वास सुटला.

"पोरीला कचरा चारताय?" सासऱ्यांनी नाक दाबून विचारलं.

"हो बाबा, कचराच." जाऊबाईंनी मऊ भातात चमचाभर भुकटी कालवली. चिमीने घास थुंकला. त्यांनी तिचं तोंड पुसलं, गाणं म्हटलं, पुन्हा घास भरवला. रोज हेच चालायचं. मी आई असून दोनदा वैतागले, त्या एकदाही नाही. अशी जाऊ मिळायला नशीब लागतं.

मग बीज सोडायची वेळ आली. सासरे औषधाची पिशवी घेऊन निघाले. जाऊबाई आडव्या आल्या. "बाबा, यंदा मारू नका. दोन्ही मासे नांदतील एका तळ्यात."

"काहीतरीच! शेंबडं पोरही सांगेल, कचरा तो कचराच."

तेवढ्यात शेंबडं पोर आलंच. नाक वाहतंय, हातात रिकामी वाटी. चिमीने ती आजोबांच्या गुडघ्यावर आपटली आणि ओरडली, "कचला! आजोबा, कचला दे!"

"काय मागतेय ही?"

"जेवायला," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. जन्मात पहिल्यांदा मागत होती ती.

सासऱ्यांनी त्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग औषधाची पिशवी उंच खुंटीला टांगली आणि खाली वाकले.

"कचरा नाही म्हणायचं, बाळा. मासे म्हणायचं."

"कचला!" चिमी म्हणाली.

"बरं बाई, कचला." ते जाऊबाईंकडे वळले. "ती झोळी कुठे ठेवलीय गं?"