उलट उतरणारी शीळ

ताईच्या घशाची शस्त्रक्रिया झाल्यावरचं हे पहिलंच ध्वनिमुद्रण, तेही धाकट्या बहिणीच्या स्टुडिओत. संध्याकाळपर्यंत गाणं कंपनीकडे पोचवायचं होतं. जाड पडद्यांच्या खोलीत ताई अंग चोरून ऐकत होती. मुद्रणातला तिचा आवाज वरच्या सुराकडे चढला आणि त्याच्याआड एक बारीक शीळ चिरकली.

"बंद कर," ताई म्हणाली. "गळा गेला माझा. पाठवू नकोस हे. यापुढे गाणंच नको."

ती शीळ धाकटीने सकाळीच ऐकली होती. ताईच्या जिवाला लागेल म्हणून ती मूग गिळून बसली होती.

"पुन्हा एकदा ऐकू दे की गं."

"किती उकरशील?"

धाकटीने तोच तुकडा लावला. मग परत लावला.

"ताई, तुझा सूर वर चढतोय आणि ही बया खाली उतरतेय. गळा एकाच वेळी दोन्हीकडे कसा जाईल?"

"माझा गळा हल्ली माझंही ऐकत नाही."

धाकटीने मूळ मुद्रण लावलं. स्वच्छ. मोठा आवाज दाबून धरणारा लिमिटर जोडला की शीळ हजर. दाब तिनेच फार झटक्याचा ठेवला होता. अशा झटक्याने नवे, फार उंच सूर उपजतात. संगणकाच्या मोजणीत ते मावत नाहीत आणि खोटे होऊन उलटतात: खरा सूर चढला की ते खाली उतरतात. म्हणून लिमिटरला आतून जास्त बारीक मोजणी करायला लावतात आणि ते उपरे सूर आधीच गाळतात. काम करताना संगणक अडखळायला लागला, तेव्हा तिने ती सोय बंद केली होती. पुन्हा सुरू करायची राहून गेली.

तिने ती चालू केली, झटकाही सौम्य केला. संगणकाच्या पडद्यावर गाणं नव्याने तयार होत असल्याची पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. एवढं करूनही शीळ राहिली तर?

ताईने डोळे मिटून ऐकलं. वरचा सूर आला. जरासा खरखरीत, पण तिचाच. शीळ नव्हती.

"तू हे आधी ऐकलं होतंस?" ताईने हेडफोन काढत विचारलं.

"सकाळी."

"आणि तुलाही वाटलं, माझा गळाच गेला."

"वाटलं."

ताईने हेडफोन टेबलावर ठेवला. धाकटीची नजर वर होईना.

"पाठव," ताई म्हणाली. "पुढच्या गाण्याला असलं काही मनात ठेवलंस, तर कान उपटीन."