थेक्लाचा पस्तिसावा हंगाम

"दोर सोडू नकोस, थेक्ला! मागे अंग टाक!" काठावरून कॉर्मक ओरडला.

थेक्ला शुलिस्टने अंग मागे टाकलं. उलटी रबरी होडी अर्धी उचलली गेली आणि पुन्हा पाण्यावर आपटली. मे महिना होता. ओटावा नदीतलं बर्फ वितळून तीन आठवडेही झाले नव्हते. चौथ्या खेपेला होडी सुलटी झाली, तेव्हा थेक्लाचे ओठ निळे पडले होते.

उन्हाळाभर शहरी लोकांना होडीत बसवून नदीच्या खळाळातून सुखरूप न्यायचं, हे काम ती चौतीस वर्षं करत होती. त्यासाठी दरवर्षी ही परीक्षा असे: उलटी होडी तीन मिनिटांत एकट्याने सुलटी करायची. परीक्षा घेणाऱ्या कॉर्मकला हे काम तिनेच शिकवलं होतं.

ती काठावर आली. त्याने तिच्या खांद्यांवर घोंगडी टाकली आणि घड्याळ खिशात घातलं.

"झालं. पास."

"किती मिनिटं लागली?"

"पास म्हटलं ना. आधी कॉफी घे."

"कॉर्मक, किती?"

तो नदीकडे बघत राहिला. "चार. वर थोडी. अगं, पाणी गार आहे. जूनमध्ये कुणाला कळणार आहे?"

"होडीखाली अडकलेल्याला कळेल."

"तुझी होडी आजवर दोनदाच उलटलीय!"

"तेव्हा मी तिशीत होते. नापास लिही."

"मग करणार काय? स्वयंपाकघरात बटाटे सोलणार?"

"तुझ्या हातचे खाल्लेत मी. लोकांवर उपकारच होतील."

तो हसला नाही. तिने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि नापासावर खूण स्वतःच केली.

जूनच्या पहिल्या शनिवारी थेक्ला फेरीला आली, ती प्रवासी म्हणून. होडी ओडेट नावाच्या नव्या मुलीकडे होती. थेक्लाला पाहून तिला घामच फुटला.

"तुम्ही मागे बसा ना, माझ्याजवळ."

"होडी तुझी आहे. कुठे बसू, ते तू सांगायचं."

"मग... पुढे. डावीकडे."

थेक्ला पुढे बसली. तिच्या शेजारी बसलेला प्रवासी, एक दंतवैद्य, वल्हं उलटं धरून होता. ओडेटच्या लक्षात येईपर्यंत ती गप्प राहिली. वळणापलीकडे पाण्याचा आवाज वाढला. मधला खडक दिसला. थेक्ला असती तर तिने होडी त्याच्या डावीकडून काढली असती.

"उजवीकडे वळायचंय!" मागून ओडेट ओरडली. "डावीकडचे, जोरात मारा!"

थेक्लाने वल्हं पाण्यात खुपसलं आणि जोरात मारलं.