कचरूची मूठ

फारूख रिक्षाच्या सीटा शिवायचा आणि त्याला आपल्या शिलाईचा माज होता. उगाच खोटं कशाला बोला? होता माज. मुकुंदवाडीच्या नाक्यावर त्याचं पत्र्याचं दुकान. रिक्षावाले म्हणायचे, रिक्षा भंगारात जाईल, पण फारूखभाईची सीट उसवायची नाय.

कचरू त्याचा जिवाभावाचा दोस्त. मूळचा गंगापूरकडचा. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत आगी लागल्या, त्यात ह्याच्या बापाचं घर गेलं. अंगावरच्या कपड्यानिशी शहरात आला आणि एका कारखान्यात प्रेसवर लागला. तेव्हा कारखाने धडाधड उभे राहत होते, माणसं पुरत नव्हती. दिवसभर पत्रा दाबायचा आणि सुट्टी मिळाली की नामांतराच्या मोर्चात सगळ्यांच्या पुढं. काय तो आवाज, अन् काय ती मूठ! ती वर गेली की मागं हजार मुठी वर जायच्या.

मग एक दिवस प्रेस अवेळी खाली आला. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. कारखान्यानं चूक कचरूचीच ठरवली आणि त्याला घरी बसवलं. त्यानंतर मोर्चा दारावरून गेला तरी हा कडी लावून आत. बायको कडूबाई म्हणायची, "जावा की वो, आपलीच माणसं हायत."

"जाऊन काय वर करू? हे थोटूक?"

पुढं चितेगावला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या फायबरच्या कारखान्यात तो हाताखाली राहिला. तिथल्या भिंतीवर परदेशी कॅलेंडर होतं. त्यात एक गडी पाण्यावर गाडी पळवत होता, तेही उभ्यानं. वर्ष संपल्यावर कचरूनं ते पान मागून घेतलं आणि फारूखच्या शिलाई मशीनवर ठेवलं.

"बसून गाडी कुणीबी चालवतं. मला ह्याच्यावर उभं राहायचंय."

"येडा झाला का रे? तुला सदऱ्याचं बटण लावता येईना, अन्..." फारूखनं जीभ चावली. पण कचरूला राग आला नव्हता. किती महिन्यांनी त्या तोंडावर उजेड दिसत होता. दोस्तासाठी माणूस विहिरीत उडी घेतो, ही तर गाडीच होती. फारूख हो म्हणाला.

कचरूच्या दारातच कामाला सुरुवात झाली. मातीचा साचा केला, त्यावर फायबरचं कापड आणि राळ. राळेच्या वासानं अख्ख्या गल्लीचं डोकं उठलं. इंजिन भंगारातल्या जुन्या राजदूतचं. खालून पाणी ओढून मागं फेकायला विहिरीच्या पंपाचा पंखा बसवला. तरंगण्यासाठी आणलेला थर्माकोल कमी पडला, म्हणून तो नुसता गाडीच्या नाकात भरला. नाकाला कचरूनं निळा रंग दिला. ॲक्सिलेटर डाव्या हाताला घेतला. कडूबाई म्हणाली, "लेकरं झाली तवा बी एवढा जागला नव्हता ह्यो माणूस," आणि चहा आणायला गेली. ती खूश होती.

पैठणला नाथसागरावर पहिली चाचणी झाली. इंजिन गरजलं, कचरू उभा राहिला, आणि दोन श्वासांत उजवा हात हँडलवरून निसटला. धप्पकन् पाण्यात. पुन्हा उभा, पुन्हा धप्पकन्. दुपार कलली तेव्हा तो काठावर गुडघ्यात डोकं घालून बसला.

"मूठच नाय फारूख, धरू कशानं?" म्हणाला आणि हमसून रडला. फारूखचं काळीज फाटलं.

घरी आल्यावर त्यानं पट्टा शिवला. आत खाटेची सुती नवार, वर रेक्झिन, तिहेरी शिलाई. दोन वेढे, एक तळहाताला आणि एक हँडलला, दोन्हीला पितळी बक्कल. आधी त्याच्या मनात होतं, हिसका बसला की सुटतील अशी चापाची बटणं लावावीत. कचरू म्हणाला, "सुटणारं नगं. जन्मभर सगळं हातातून सुटतच आलंय." आणि फारूखच्या हातची वस्तू सुटणारी असावी, हे फारूखलाच कुठं पटत होतं! कचरूनं डाव्या हातानं बक्कल काढून बघितलं. पटकन निघालं. कोरडंच होतं ना तेव्हा.

तळहाताचा वेढा कचरू झोपतानाही काढेना. अंगठ्यावर पट्टा आवळायचा आणि कडूबाईला दाखवायचा, "बघ, झाली का नाय मूठ?"

संक्रांतीला ती बातमी आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. चौकाचौकात पोलीस आणि मुकुंदवाडीत निळा गुलाल. कडूबाई पांढरं लुगडं नेसून दारात उभी. "आज तरी विद्यापीठाच्या गेटवर चला."

"येतो. आधी पाण्यावर उभा राहून येतो, मग ही मूठ गेटवर वर करीन. तू तयार राहा."

आणि नाथसागरावर तो उभा राहिला की! पाणी फाडत गाडी लांब गेली, वळली, तरी हा ताठ उभा. काठावर फारूख लहान पोरासारखा नाचला. "खडा हो गया रे! मेरा यार खडा हो गया!"

मधोमध कुणाचं तरी टाकून दिलेलं जाळं होतं. ते पंख्यात ओढलं गेलं, इंजिन झटका देऊन बंद पडलं, कचरू पुढं उडाला आणि गाडी त्याच्यावर पालथी झाली. तिच्यात पाणी भरलं, इंजिनाच्या भारानं ती उभी बुडाली. निळं नाक तेवढं वर राहिलं.

फारूख आधी हसला. कचरू पट्टीचा पोहणारा, आता येईल शिव्या देत. निळं नाक हलत होतं. मग हलायचं थांबलं, आणि फारूखच्या डोक्यात लख्ख पडलं. नवार! भिजली की नवार आवळते. पावसात भिजलेल्या खाटेच्या गाठी त्याच्या अम्मीला दातांनी सोडाव्या लागायच्या. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट त्याला आता आठवत होती. तो गळ्यापर्यंत पाण्यात शिरला. पोहता येत नव्हतं. बोंबलत राहिला.

भिकन नावाच्या कोळ्यानं होडी घातली, बुडी मारली आणि कोयत्यानं हँडलचा वेढा कापला. शिलाईचा एक टाका निघाला नव्हता. बकलापाशी कचरूच्या डाव्या हाताची नखं उलटली होती.

तळहाताचा वेढा आक्रसून बसला होता. दवाखान्यातून प्रेत आणल्यावर कुणीतरी तो कापायला निघालं, तर कडूबाईनं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. मूठ हाये त्यांची." तिनं त्या मुठीला निळा गुलाल लावला.  

तिसऱ्या दिवशी राख सावडायला फारूखही गेला. रेक्झिन जळालं होतं, नवार जळाली होती, तिहेरी शिलाई जळाली होती. राखेत त्याच्या हाताला पितळी बक्कल लागलं. काळं पडलेलं, पण जीभ लागलेलीच. त्यानं दहाही बोटांनी जोर लावला. ते सुटलं नाय.